सात पुरुष पाणी

रजिस्टरच्या पानावर संतरामने बोट टेकवलं तेव्हा त्याला आधी शब्द दिसला नाही, वळण दिसलं. इंग्रजी मोठ्या 'ए'चा डावा पाय जरा लांबवलेला आणि त्याच्या टोकाला बारीकसा आकडा, मासे धरायच्या गळासारखा. असा आकडा काढणारी माणसं त्याच्या माहितीत दोनच. एक तो स्वतः, आणि दुसरे आठ वर्षांपूर्वी वारलेले त्याचे वडील, अण्णा, ज्यांनी लहानपणी त्याच्या बोटांवर रूळ मारून मारून तो आकडा त्याच्या हाडात बसवला होता. त्याला क्षणभर आनंदच झाला. कचेरीच्या मागच्या खोलीत, ओल धरलेल्या बस्त्यांच्या वासात, पन्नास वर्षांपूर्वीचे अण्णा, जेमतेम बावीस वर्षांचे, अचानक समोर येऊन बसावेत तसं झालं. मग त्याने शब्द वाचला. 'ॲब्सकाँडेड.' फरारी. एकाखाली एक अकरा नावं आणि प्रत्येकासमोर तोच शब्द, अकराही वेळा तितकाच सुबक. कुठे शाई फुटली नव्हती, कुठे हात थरथरला नव्हता. संतरामने बोट उचललं. कागदावर घामाचा ओला ठसा उमटला होता. तो वाळेपर्यंत तो नुसता बघत बसला.

सगळं सुरू झालं होतं एका पत्रामुळे, आणि ते आलं तेव्हा तो हसला होता. सन सदतीसचा श्रावण होता. तहसीलदारसाहेबांनी मुंबईहून आलेला लिफाफा त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मुन्शीजी, ये अंग्रेजी का मामला है, आप ही देखो." हिंगोलीच्या कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, इंग्रजी येणारा तो एकटाच. पत्रात लिहिलं होतं की मुंबईच्या एका दफ्तरात किनाऱ्याचा नवा नकाशा होऊन राहिला आहे, बुडालेल्या जहाजांच्या जागा त्यात दाखवायच्या आहेत. 'हॅरिएट डेन' नावाचं एक जहाज १८८६च्या जूनमध्ये ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी लादणीचे बैल आणि बैलवाले घेऊन मुंबईहून निघालं ते कुठे बुडालं याचा पत्ता नाही, इकडचे कागद आगीत गेले. बैल हिंगोलीच्या छावणीतून गेले होते; तर तिकडच्या जुन्या कागदांत काही सापडतं का, पाहावं. हिंगोलीत जहाज शोधायचं! संतरामने समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे त्याच्या लेखी जलेश्वराचं तळं, फार तर पुरातली कयाधू. कचेरीच्या भिंतीवरच्या नकाशात निजामाची सरहद्द संपली की कागद कोरा होता. तिथे समुद्रही नव्हता. तरी त्याला ते काम आवडलं. छावणी मोडली तेव्हा तिचे इंग्रजी कागद बस्त्यांत बांधून कचेरीच्या मागच्या खोलीत टाकले होते आणि चौतीस वर्षांत त्यांच्याकडे उंदरांखेरीज कोणी फिरकलं नव्हतं. आणि त्याच छावणीत अण्णांनी कारकुनी केली होती. त्यांच्या तरुणपणाच्या खोलीत पाऊल टाकावं तसा तो आत शिरला.

चौथ्या दिवशी बैलवाल्यांची यादी सापडली. तो मोठ्याने वाचत होता आणि ग्यानबा चपराशी बस्ते झटकत होता. रूपसिंग, हिरासिंग, अशी अकरा नावं. ग्यानबाचा हात थांबला.

"मुन्शीसाहेब, ही कयाधूपल्याडच्या तांड्याची मानसं. फरारी टोळी म्हन्तेत त्यायला."

"फरारी? कोण म्हणतं?"

"पोलिसाच्या वहीत हाय ना. सरकारी बैल सोडून पळालेले लोक म्हून. आजूक त्यायच्या घरच्यांची हजेरी घेतेत, रोज दिवस बुडायच्या टायमाला. नातवंडं झाली, पर हजेरी हाय ती हाय."

संतरामला चमकल्यासारखं झालं. माणसं जहाजावर चढली असतील तर ती फरारी कशी? आणि त्या उत्साहात, पुढचा काही विचार न करता, त्याने हिरासिंगच्या मुलीला बोलावणं धाडलं.

पारुबाई आली ती पायरीवरच बसली. पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली बाई. काचा जडवलेली ओढणी डोक्यावर, हात मांडीवर उघडे टाकलेले, जणू त्यांत कोणी काही ठेवणार आहे. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. "माय सांगायची, लादनीचे बैल घेऊन गेले, समुद्रावर. तांड्याले समुद्र नवा नव्हता मुन्शीदादा. आमचे लोक कोकनातून मीठ आनायचे बैलांवर. पर ह्या खेपेले कोनी आलंच न्हाई. मंग शिपाई आले, म्हन्ले, पळाले. काही लोक म्हन्ले, तिकडं दुसरी बायको करून बसला. माय रडली बी न्हाई. रडावं तर मेल्यासारखं व्हतं, न रडावं तर सोडल्यासारखं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "चाळीस वरीस मायच्या दंडावर चुडा व्हता. नवरा जिता असल्यावानी. मेली तवा बायकांत भांडन. चुडा काढून जाळायची का चुड्यासंग? कोनाले बी सांगता येईना. दिवाळीले आमी निखाऱ्यावर तूप-गूळ टाकतो, धबुकार म्हन्तो. मेलेल्या मानसांची नावं घेतो. माझ्या बापाचं नाव कवाच घेतलं न्हाई. जित्याचं कसं घ्यावं?"

संतराम म्हणाला, "मी शोधतो. कुठे बुडालं तेसुद्धा शोधतो."

जाताना ती वळली. "तुमी इंग्रजीवाल्या अण्णांचे लेक ना? तुमच्या वाडग्यात मी लहानपनी लाकडं घालत व्हते. लई देवमानूस. आख्खी मोळी घ्यायचे, भाव करायचे न्हाई. कवा मान वर करून बघितलं न्हाई माझ्याकडं." संतरामची छाती भरून आली. हे त्याला आठवत होतं. तांड्याच्या बायका लाकडं घेऊन आल्या की अण्णा ओट्यावरून उठत, आत जात, आतूनच आईला म्हणत, "घे गं सगळी घे." आई कुरकुरायची, परसात सरपणाचा ढीग लागलाय म्हणून. गावात तो ही आठवण सांगायचा, अण्णांच्या दयाळूपणाची म्हणून. छावणी मोडल्यावर अण्णांनी ओट्यावर इंग्रजीची शिकवणी सुरू केली, आणि आज हिंगोली-वसमतकडे ज्याला दोन ओळी इंग्रजी येतात तो अण्णांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

पारुबाई दर बाजाराला येऊ लागली. पायरीवर बसायची, विचारायची, "घावलं का?" तो म्हणायचा, "शोधून राहिलोय." कागद एकमेकांना खोटं पाडत होते. एका तारेत जहाज गोव्याच्या खाली दिसल्याचं होतं, एका पत्रात रत्नागिरीच्या वर. संतरामने शाळेच्या हेडमास्तरांकडून नकाशाचं पुस्तक मागून आणलं. जेवताना, अंघोळ करताना त्याच्या डोळ्यांपुढे तो किनारा असायचा, कातरलेल्या पानासारखा. नर्मदाबाई, त्याची बायको, वाढता वाढता थांबायची आणि तो भात नुसता कालवत बसलेला असायचा. भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातच एका बस्त्याच्या तळाशी त्याला ते सापडलं. दाऊद नावाच्या खलाशाची जबानी, वेंगुर्ल्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे घेतलेली, पाच पानं. संतरामची नजर ओळींवरून धावत जागाच शोधत होती आणि तिसऱ्या पानावर ती मिळाली: वेंगुर्ल्याबाहेरच्या खडकांवरच्या दिव्यापासून नैर्ऋत्येला सव्वा मैल, पाणी सात फॅदम. एक फॅदम म्हणजे सहा फूट. विहिरीच्या हिशेबाने सात पुरुष. बैलवाल्यांतलं कोणी वाचलं नाही, हेही तिथेच होतं. बाकीचं त्याने वरवर चाळलं. हेडमास्तरांच्या पुस्तकात त्याने पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि लहान मुलासारखा त्याच्याकडे बघून हसला. आता राहिली होती एकच गोष्ट. पोलिसांच्या वहीतला 'फरारी' काढायचा तर तो मुळात कुठल्या कागदावरून आला ते दाखवायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने ते रजिस्टर उघडलं.

त्या दिवसापासून संतराम तारखा शोधू लागला. जहाजाचं आता त्याला काही वाटेनासं झालं. त्याला एवढंच बघायचं होतं की अण्णांनी तो शब्द लिहिला तेव्हा जबानी हिंगोलीला पोचली होती की नव्हती. नसेल पोचली तर अण्णांनी अजाणता लिहिलं. बावीस वर्षांचं पोर, वरून सांगितलं ते लिहिलं. रजिस्टरात तारीख होती तीन ऑगस्ट. जबानीवर पोचल्याची खूण नव्हती. दोन दिवस तो त्या नसलेल्या खुणेवर जगला. तिसऱ्या दिवशी पानं उजेडाकडे धरताना शेवटच्या पानाच्या पाठीवर, पार कोपऱ्यात, फिकट शाई दिसली. 'मिळाली, १२ जुलै.' खाली सही. सहीतल्या 'आर'च्या पायाला तोच आकडा. आणि त्याच बस्त्यात, टाचणीच्या गंजाने चिकटलेली एक चिठ्ठी होती, जनावरांच्या खात्याच्या साहेबाच्या हातची, दोनच ओळींची: बोलल्याप्रमाणे ते अकराजण मुंबईच्या धक्क्यावरूनच निघून गेले असं दाखवावं, जहाजात ठरल्यापेक्षा जास्त माणसं भरली होती हा प्रश्न उपस्थित होऊ नये. 'बोलल्याप्रमाणे.' संतराम त्या शब्दापाशी अडकला. म्हणजे बोलणं झालं होतं. साहेब खुर्चीत, अण्णा उभे. अण्णा काय म्हणाले असतील? येस सर. अण्णा त्याला नेहमी सांगत, अक्षर सुबक असलं की माणूस खोटं बोलूच शकत नाही, हात अडखळतो. त्याने त्या अकरा शब्दांवर भिंग धरून पाहिलं. कुठेतरी अडखळलेलं सापडावं म्हणून जवळजवळ प्रार्थना केली. हात अडखळला नव्हता.

आणि मग लाकडांची आठवण नासू लागली, दुधाच्या भांड्यात थेंबभर ताक पडावं तशी. अण्णा ओट्यावरून का उठत? मान वर का करत नसत? पोरीच्या चेहऱ्यात कोणाचं नाक, कोणाची हनुवटी दिसेल म्हणून? परसातल्या त्या वाळक्या ढिगावर संतराम लहानपणी चढून बसायचा, खाली सरडे सळसळायचे, आई ओरडायची. तो ढीग आता त्याला वेगळाच दिसू लागला. अण्णा शेवटी शेवटी खूप घाबरायचे, दारात कोणी आलं की विचारायचे, "कोण आहे? काय मागतंय?" घरात सगळे म्हणायचे, वयाचं आहे. संतराम त्यांचे पाय चेपत बसायचा. त्या पायांचा गार स्पर्श त्याला तळहातांना अजून जाणवायचा, आणि आता हात कुठे पुसावेत हे कळेना.

नर्मदाबाईला त्याने सांगितलं. ती निवडत असलेलं सूप बाजूला ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मुंबईवाल्यांना काय पाहिजे? जागा. ती घावली. त्या बाईला काय पाहिजे? बाप बुडाला एवढंच ना? तेही घावलं. मग ते रजिस्टरचं पान कोण मागून राहिलंय तुम्हाला? गेलेल्या माणसाला काहून उकरायचं?"

"हजेरी आहे ना अजून त्यांच्यावर. नुसती जबानी दाखवली तर पोलीस म्हणतील, एका खलाशाचं बोलणं. आमच्याकडे छावणीचं रजिस्टर आहे. ते रजिस्टर खोटं आहे, जाणून खोटं आहे, हे सांगितल्याशिवाय भागत नाही."

"पन्नास वर्षं हजेरी देऊन राहिले. आणखी थोडी." हे बोलून तिलाच कसंसं झालं असावं. सूप ओढून ती पुन्हा निवडू लागली, आणि खाली बघतच म्हणाली, "मामंजींनी माझ्या बापासारखं केलं माझं."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते संतरामच्या मनात मुरत गेलं. त्याने मुंबईला जागा कळवून टाकली. पारुबाईला मात्र काही कळवलं नाही. जबानी वाचून दाखवली की ती विचारणार, मंग आमाले फरारी कोनी लिहिलं? पुढच्या बाजाराला ती पायरीवर बसली. "घावलं का?" आणि संतरामने आपला आवाज ऐकला, शांत, सुबक, कुठेही न अडखळलेला: "अजून नाही." त्या क्षणी त्याला आपल्या गळ्यात अण्णा बोलल्यासारखे वाटले. असंच असेल. इतकं सोपं. काही मोडत नाही, आवाज होत नाही, समोरचं माणूस मान डोलावतं आणि पदर सावरून उठतं. असे सहा बाजार गेले. सहाही वेळा ती म्हणाली, "तकलीफ देऊन राहिले तुमाले." शेवटच्या खेपेला एवढंच जास्त म्हणाली, "दिवाळी आली मुन्शीदादा."

ती गेल्यावर त्याने दौत पुढे ओढली आणि उर्दूत रिपोर्ट लिहायला बसला. जबानी कोणत्या तारखेला मिळाली, रजिस्टरात नोंद कोणत्या तारखेला झाली, चिठ्ठीत काय आहे, आणि दोन्ही ठिकाणी सही कोणाची: रघुनाथराव सेनगावकर, कारकून. मग शेवटी, सरकारी रिवाजाप्रमाणे, स्वतःचं दस्तखत बापाच्या नावासकट: संतराम वल्द रघुनाथराव सेनगावकर. एकाच कागदावर ते नाव दोनदा आलं. वर ज्याने खोटं लिहिलं त्याचं म्हणून, खाली ज्याचा मुलगा खरं लिहितोय त्याचं म्हणून. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आपल्या हातून बापाला कोणीतरी चौकात उभं केलंय आणि तो म्हातारा तिथून "कोण आहे? काय मागतंय?" असं विचारतोय, एवढंच त्याला ऐकू येत राहिलं.

तहसीलदारसाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढला. "मुन्शीजी, नाम लिखना ज़रूरी है क्या? लिख दो, किसी क्लर्क ने लिखा. काम बराबर हो जाएगा."

"साहब, उन ग्यारह के तो नाम लिखे गए थे," संतराम म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. रिपोर्ट वर गेला. मुंबईहून दोन ओळींचे आभार आले. हजेरी बंद व्हायला मात्र पुढे दीड वर्ष लागलं. आणि अण्णांचे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की संतरामशी हवापाण्याचं बोलून निघून जाऊ लागले.

त्याच दिवाळीच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो जबानीची पाच पानं घेऊन कयाधू उतरून तांड्यावर गेला. नेमसिंग नायकाच्या झोपडीसमोर अंगण सारवलं होतं, मधोमध निखारे होते, वाटीत तूप, गूळ आणि भात. रूपसिंग हा नेमसिंगचा आजा. तांड्यातली चाळीसेक माणसं भोवती बसली होती. पारुबाई उठून पुढे आली. संतरामने उभ्यानेच सांगितलं. जहाज कुठे बुडालं, किती खोल, आणि अकराजणांतलं कोणी पळालं नाही. बायकांमधून एक लांबलचक आवाज उठला आणि थांबला. मग तो म्हणाला, "ते फरारी आहेत असं लिहिणारा माझा बाप. त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून लिहिलं."

नेमसिंगने विचारलं, "तुमाले कवा कळलं?"

"दीड महिना झाला."

"दीड म्हयना ही म्हातारी तुमच्या पायरीवर बसून राहिली."

"हो."

नेमसिंगने गुडघ्यावर हात टेकले. तो उठणार तोच पारुबाईने हात आडवा केला. ती संतरामकडे बघत होती, पण त्याच्या बापाबद्दल ऐकल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तिने विचारलं, "बैल बांधलेलेच व्हते का?"

"काय?"

"जहाजावर बैल दाव्यानं बांधत असतील ना. बुडाले तवा बांधलेलेच व्हते, का सोडले?"

संतरामला ठाऊक नव्हतं. इतके दिवस तो कागद त्याच्याजवळ होता आणि त्याने फक्त जागा शोधली होती, मग फक्त तारीख. त्याने पानं उलटली. चौथ्या पानावर त्याला ते मिळालं आणि तो एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागला, अडखळत, मध्येच मागे जाऊन शब्द बदलत.

"खलाशी सांगतो... जहाज खडकावर बसलं तेव्हा होडीत जागा होती. आम्ही बैलवाल्यांना वर या म्हणून ओरडलो. ते खाली तळात कमरेएवढ्या पाण्यात बैलांची दावी कापत होते. त्यांतला एक वर आला. त्याची सुरी मोडली होती. त्याने माझी मागितली. मी म्हणालो, होडीत बस. तो म्हणाला, अजून बांधलेले आहेत. सुरी घेऊन तो परत खाली गेला. मग बैल पाण्यात पडू लागले. होडी उलटली. मी एका बैलाचं शेपूट धरलं. चौदा बैल किनाऱ्याला लागले, त्यांतल्या एकाने मला आणलं. बैलवाल्यांतलं कोणी आलं नाही."

"वर आला तो कोन?"

"नाव नाही लिहिलेलं. एका कानात चांदीची बाळी होती, एवढंच आहे."

"बाळी समद्यांच्याच कानात असते," पारुबाई म्हणाली. तिने पायाखालच्या सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. मग नेमसिंगकडे वळली.

"मंग बराबर हाय. आता नाव घ्या."

नेमसिंगने तुपाची वाटी उचलली. निखाऱ्यांवर पहिला घास पडला, चरचर झालं, धूर उठला, आणि त्याने हिरासिंगचं नाव घेतलं. मागोमाग सगळ्या तांड्याने घेतलं. मग रूपसिंगचं. मग पुढचं. संतराम अंगणाच्या कडेला पाच पानं हातात धरून उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही. जा असंही कोणी म्हणालं नाही. अकरा नावं होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.